पान फिरवणारा राजा

पेडणे,
११ फेब्रुवारी २०२४

चि. सायली,

धाकू गावसच्या हाती तुझ्या मुंबईच्या कंपनीची नोटीस पडली, म्हणून लिहिते. नाहीतर तीन वर्षं जशी न लिहिता गेली तसं चौथंही गेलं असतं.

नोटीस इंग्रजीत आहे, चार पानांची. ती घेऊन धाकू सकाळी माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याने हेल्मेटही काढलं नव्हतं. तू त्याला विसरली असशील. पेडण्याच्या स्टँडवरचा, भाड्याच्या मोटरसायकलचा पायलट. जत्रांचे दिवस आले की दशावतारात राजा होतो. बारावीच्या पेपरला तुझी बस चुकली होती, तेव्हा त्यानेच तुला मागे बसवून म्हापशाला पोचवलं होतं.

मी नोटीस वाचून त्याला मराठीत सांगितली. धाकूच्या नाटक मंडळीने तू लिहिलेल्या 'आखिरी फेरीबोट' या मालिकेचा शेवट चोरून रंगमंचावर आणला, असं त्यात म्हटलं आहे. कोणी तरी यंदाच्या जत्रेतला तुकडा मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मालिकेची गावठी नक्कल'. तेवढ्यावरून हे. ११ मार्चच्या आत सोबतच्या माफीपत्रावर सही करायची, प्रयोग बंद करायचे, आणि संहितेच्या सर्व प्रती जमा करायच्या.

"संहिता म्हणजे काय ता?" धाकूने विचारलं.

"नाटक लिहिलेलं असतं ते."

"आमी खंय लिवतंव? आमी बोलतंव."

मग तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "सही करून सोडतंय बाई. कोर्टाची पायरी माका नको."

सही केली की तो लेखी चोर ठरतो. चोराच्या मंडळीला कुठल्याही देवस्थानची कमिटी जत्रेचं नाटक देणार नाही. सत्तावीस वर्षं राजा झालेला माणूस पुढच्या कार्तिकात घरी बसेल. आणि त्याने चोरलेलं काही नाही. हे तुला माहीत आहे.

तुझी मालिका मी आठही भाग पाहिली. आमच्या शनिवारच्या मंडळाने पाहिली. मंडळ म्हणजे कोण तेही सांगते, कारण तुझ्यानंतर हे घर रिकामं राहिलं नाही. एक रंजना, डिचोलीची, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. दुसरा बाबाजी, मूळचा सावंतवाडीकडचा, डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचा. दोघं दर शनिवारी दुपारी म्हापशावरून बस बदलून येतात. धाकू गिऱ्हाईक नसलं की येऊन जनेलाशी, खिडकीबाहेर मोटरसायकल दिसेल असा, बसतो. मी युरोपातल्या पोलिसी मालिका लावते आणि खालची इंग्रजी अक्षरं मराठीत मोठ्याने वाचत जाते. इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्याचा शाळेतून निवृत्त झाल्यावर एवढाच उपयोग उरला आहे.

तुझ्या मालिकेबद्दल एकेकाचं मत लिहिते. कंपनीला मतं हवी असतात असं ऐकते.

रंजना म्हणाली, "मडें अशें नासता गो. हिका निजोवन दवरल्या." मडं असं नसतं, हिला नुसती निजवून ठेवली आहे. प्रेताच्या ओठांना लाली होती, मीही पाहिली.

बाबाजीने मोजलं. पहिल्या भागात गोव्याचा फौजदार दारू पितो, मासेवाला दारू पितो, पाद्री दारू पितो. तो म्हणाला, "मी चाळीस वर्सां गोव्यात आसंय, माका अशी माणसा एकाच जाग्यार कधी गावली नाय. पत्तो इचार तुज्या भाचीक."

माझं मत असं. पेडण्यात महिनाभर शूटिंग झालं आणि मालिकेत पेडण्याचा एक माणूस नाही. मासळीवाली जी भाषा बोलते ती ना कोकणी, ना मराठी, ना सरळ हिंदी. या गोव्यात भाषेसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. मी मराठीच्या बाजूला होते, रंजना कोकणीच्या. वर्षभर एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. तुझी मासळीवाली ऐकून आम्ही दोघी पहिल्यांदा एका बाजूला आलो. शिवी नाही असं एक पान बोलणं नाही. दर दहा मिनिटांनी कोणी तरी बाई ओलीचिंब होते. तुझी मालिका जिच्यावरून घेतली त्या डेन्मार्कच्या मालिकेत मुलीचा बाप मुलीच्या खोलीत जाऊन तिचे मोजे जोडीने लावतो, एक शब्द बोलत नाही. तुझ्या मालिकेत तो आरसा फोडतो. मला किळस आली. तुझ्या पहिल्या नकलेला, आधीच्या मालिकेला, मी फोनवर उष्टं म्हटलं, म्हणून तू फोन ठेवलास तो ठेवलासच. हिला उष्टंही म्हणता येत नाही. उष्ट्याला निदान मूळ चव असते.

सगळ्या आठ भागांत एकच जागा खरी आहे. शेवटची, केळीच्या पानाची. आणि ती धाकूची आहे.

डेन्मार्कची ती मालिका आम्ही २०१९च्या पावसाळ्यात पाहिली. फेरीबोटीवर तिकिटं फाडणारी मुलगी नाहीशी होते, पोलीस बाई दहा भाग शोधते, आणि खुनी निघतो तिचाच म्हातारा साहेब. बाबाजी विचारत राहिला, "ह्या मुलखात दिवस उजाडता की नाय गो बाई?" धाकूने मात्र पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं, "ह्यो म्हातारो साहेबच खुनी."

"कशावरून?"

"राजाचो प्रवेश आसा त्याचो. बाकीची माणसा नुसती इली. ह्यो इलो, तेव्हा सगळी गप रवली."

मी चिडले. म्हटलं, आता नऊ भाग कशाला पाहायचे?

"रावण मरतलो ता सगळ्यांक ठावक आसता. तरी जत्रेक गर्दी होताच मां?"

आणि त्या हंगामात त्याने त्या मालिकेचं आख्यान केलं. फेरीबोटीची नाव झाली, साहेबाचा राजा झाला, मुलीची आई नावाडीण झाली. पोलीस बाईला त्याने काढूनच टाकलं. "ती काय करता? नुसती चलता," म्हणाला. डेन्मार्कमध्ये शेवटी एक केस सापडतो, तो काचेखाली घालतात आणि साहेबाला बेड्या पडतात. धाकूकडे काच नव्हती. त्याच्या नावाडिणीची मुलगी हरवली आहे, मेली हे कोणालाच माहीत नाही. ती राजाला जेवायला बोलावते. शेजारी मुलीचं पान मांडते, कारण मुलगी येईल म्हणून ती रोज मांडते. शेंडा डावीकडे, जिवंत माणसाचं मांडतात तसं. राजा पाटावर बसतो आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता हात पुढे करून ते पान फिरवून ठेवतो. शेंडा उजवीकडे. मेलेल्याचं. त्याच्या लक्षातही येत नाही. नावाडीण वाढता वाढता थांबते आणि विचारते, "महाराज, माझी लेक मेली असं आपल्याला कोणी सांगितलं?"

मांडवात आवाज नव्हता. मी पुढेच बसले होते. ती जानेवारी २०२०ची जत्रा. तुझी मालिका आली गेल्या ऑक्टोबरात.

तुझ्यापर्यंत हे कसं पोचलं ते तू सांग. नोटीस मागे घ्यायला लाव, आणि पानाचा प्रसंग कोणाचा हे एका कागदावर लिहून पाठव. एवढंच.

सुमनमावशी


पेडणे,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सायली,

रजिस्टर पत्राला तू मोबाइलवर उत्तर दिलंस. तीन ओळी. 'नोटिसा कंपनीचे वकील काढतात, माझ्या हातात नाही. पानाची गोष्ट माझीपण आहे. का ते तुला माहीत आहे.'

माहीत आहे. तू नऊ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तू पहिल्यांदाच तिचं पान मांडलंस. रोजच्यासारखं मांडलंस. मी ओट्यावरून म्हटलं, "पान फिरव." तू का म्हणून विचारलंस आणि मी सांगितलं. सांगायची माझी पद्धत कशी होती ते मला आठवतं. तू जेवली नाहीस.

ते तुझं आहे. ते कोणी नाकारत नाही. मालिकेवरच्या मुलाखतीत तू म्हणालीस की हा प्रसंग आजोळच्या आठवणीतून सुचला, तेव्हा अर्धं खरं बोललीस. पण त्या आठवणीत खुनी नव्हता. आई वाट पाहते आणि मारणाऱ्याचा हातच त्याला पकडून देतो, हे धाकूने शोधलं. आठवण तुझी, अक्कल त्याची.

आणि तुझी असती तर तू ती अशी वापरली नसतीस. तुझ्या मालिकेतली आई ख्रिस्ती आहे. मारिया. भिंतीवर क्रूस, मेजावर पाव, आणि मेजावर केळीचं पान. ख्रिस्ती घरात पितरांचं पान कुठून आलं? आधीच्या सात भागांत त्या बाईने एकदाही पानावर वाढलेलं नाही. शेवटच्या भागात अचानक पान येतं, आणि तो खुनी अधिकारी, तोही ख्रिस्ती, ते फिरवतो. मग कळलं नसेल म्हणून तोच हात तीनदा दाखवतात, संगीतासकट. दुसऱ्याचा सदरा घातला की बाही लांब होते, तसं ते दिसतं. बाहेरगावचे प्रेक्षक लिहितात, 'मूळ मालिकेपेक्षा शेवट सरस, अस्सल गोव्याची माती.' पंचवीस-तीस मतं मी वाचली. एकालाही मारियाच्या घरी पान का, हा प्रश्न पडला नाही. रंजनाच्या शेजारणीला, कार्मेलिनला, पडला. ती हसून म्हणाली, "आमगेर पान उडटा गो, बशी उडना." पंख्याखाली पान उडतं, ताटली उडत नाही. तिच्या घरी एवढाच नियम.

धाकूला मी सही करू दिलेली नाही. गेला आठवडा मी गावातून फिरले. ज्यांनी ते आख्यान पाहिलं त्यांची मतं घेतली, तारीख घालून, सही-अंगठ्यानिशी. तारखेची अडचण आलीच नाही. कोणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, "करोनाच्या आदल्या जत्रेत." त्यानंतर दोन वर्षं जत्रा झाल्याच कुठे? अकरा माणसं मिळाली. देवळाजवळच्या पार्वतीने सांगितलं की घरी गेल्यावर नवऱ्याला जेवायला वाढताना तिने मुद्दाम पान उलटं मांडून पाहिलं, आणि तो न बघता जेवला. "माजो नवरो खुनी नाय," असं लिहून घ्या म्हणाली. लिहून घेतलं.

नोटीस मागे घ्यायला अजून तीन आठवडे आहेत. तुझ्या हातात नाही म्हणतेस. हात तुझाच, लेखणी तुझी. कंपनीला एक ओळ लिही.

सुमनमावशी


पेडणे,
२ मार्च २०२४

सायली,

उत्तर नाही. ठीक.

काल धाकूला घेऊन म्हापशाला वकीलबाईंकडे गेले. हुशार आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. अकरा जबाब त्यांनी वाचले, पार्वतीचा वाचून हसल्या, आणि म्हणाल्या, "बाई, हे सगळे एका गावचे. कंपनी म्हणेल, शेजाऱ्याला वाचवायला बोलतात. तारीख असलेला कागद हवा. तेव्हाचा. मुंबईपर्यंत पोचलेला असेल तर उत्तमच."

धाकू म्हणाला, "कागद नाय. आमचो धंदो तोंडाचो."

मी जबाब पिशवीत भरले. कागद आहे, हे परतताना त्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनही त्याला सांगितलं नाही.

पहिल्या पत्रात मी तुला विचारलं की हे तुझ्यापर्यंत कसं पोचलं. मला माहीत होतं. मीच पोचवलं. त्या जत्रेच्या तिसऱ्या दिवशी तुला दोन पानी पत्र लिहिलं. आणि मी पत्रं कार्बन घालून लिहिते हे तुला ठाऊक आहे. शाळेतली सवय. १९ जानेवारी २०२०ची प्रत माझ्या ट्रंकेत आहे. पान कोणत्या बाजूने फिरलं, नावाडीण काय म्हणाली, सगळं त्यात आहे. तुला सांगायला नको. तू ते नीट वाचलंस, हे मालिकेवरून दिसतंच.

पण त्यात आणखी काय आहे तेही तुला ठाऊक आहे. आज मी ते पुन्हा वाचलं. इथे उतरवते, म्हणजे मला सुटका राहणार नाही.

'आपल्या अडाणी मंडळींनी डेन्मार्कची काय दशा केली ते ऐक. धाकू नावाचा पायलट राजा होता. शेवट तर असा बावळट की मी पदराआड हसत होते. दहा भागांचा तपास आणि उत्तर काय, तर केळीचं पान. शिक्षण नसलेल्याने अशा गोष्टींना हात लावू नये, तो यासाठी. तुझ्या मुंबईच्या मित्रांना वाचून दाखव, करमणूक होईल.'

हे मी लिहिलं. मांडवात आवाज नव्हता हे खरं. हसणारी मी एकटी होते. आणि प्रयोग संपल्यावर रंग पुसता पुसता त्याने विचारलं, "बाई, कसा झाला?" तेव्हा मी म्हटलं, "चांगलं झालं." गेली चार वर्षं तो ते लोकांना सांगतो. बी.ए. झालेल्या बाईंनी चांगलं म्हटलं.

तुझ्या मालिकेची मला किळस आली, ती खरी आहे. शिव्या, दारू, ओल्या बायका, सगळं खरं. पण तू त्या पत्रात जे चांगलं होतं ते ओळखलंस, आणि मी समोर बसून ओळखलं नाही. तू चोरलंस, पण निदान तुला किंमत कळली. हे लिहिताना मला माझीच किळस येते, आणि तुझी कमी होत नाही.

ती प्रत वकीलबाईंना दिली तर धाकू सुटेल. तू अडकशील. पत्र तुझ्या नावाचं आहे. तुझी नोकरी जाईल किंवा नाव जाईल, काय जातं ते मला कळत नाही. तुला मी नवव्या वर्षापासून वाढवलं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आजही दाखवत नाही. फक्त एवढं सांगते की हा कागद देणं मला सोपं नाही, आणि ते तुझ्यामुळे आणि धाकूमुळेही.

६ तारखेच्या टपालापर्यंत थांबते. तू स्वतः लिहिलंस तर प्रत ट्रंकेतच राहील.

सुमन


पेडणे,
७ मार्च २०२४

सायली,

काल टपाल आलं. विजेचं बिल होतं.

आज सकाळी धाकूला बोलावलं आणि कागद देण्याआधी त्याला वाचून दाखवला. वकीलबाईंकडून त्याच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्या तोंडून गेलेला बरा. तो कदेलीवर, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर, बसला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच ऐकलं. मी गाळलं काही नाही.

संपल्यावर तो म्हणाला, "बावळट शबूद कितके खेपे आसा?"

"एकदा."

"माका दोनदा ऐकाक इलो." मग म्हणाला, "ता पान फिरवणा नीट लिवलात. उजव्या हातान, पानाकडे न बघता. ता मी आठ दिवस आरशासमोर केललंय. दुसऱ्या कोणाच्या ध्यानात रवला नाय ता."

मी म्हटलं, "धाकू, मी चुकले."

"चुकलात," तो म्हणाला. "चला, वकीलबाई वाट बघतत."

एवढंच. मागे बसल्यावर नेहमी विचारतो, "बसलात मां नीट?" आज विचारलं नाही. म्हापशात वकीलबाईंनी प्रत वाचली आणि सुचवलं की तो परिच्छेद कागदाने झाकून झेरॉक्स काढू, कामापुरतं उरलेलं पुरेल. मी धाकूकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर त्याच्या मोटरसायकलकडे बघत होता. मी म्हटलं, झाकायचं नाही. झाकला तर बाई मुद्दाम त्याच्या बाजूने लिहितात असं तुझी कंपनी म्हणेल. हसणारीने लिहिलेलं कोणी खोटं म्हणणार नाही.

परतताना तो मला स्टँडवर सोडून गेला, घरापर्यंत नाही. शनिवारी येईल असं मला वाटत नाही.

खाली दिलेल्या कागदांची यादी आहे. हीच यादी वकीलबाईंच्या सही-शिक्क्याने माझ्याकडे आहे. तुला कळावं म्हणून उतरवते. तुझ्यापासून लपवून काही दिलेलं नाही.

दिलेले कागद, म्हापसा, ७ मार्च २०२४, दुपारी सव्वाबारा.

१. कंपनीची नोटीस, चार पाने, मूळ.

२. माफीपत्र, एक पान. सही केलेली नाही.

३. प्रेक्षकांचे जबाब, अकरा. पैकी सह्या सात, अंगठे चार. पार्वतीच्या जबाबातील नवऱ्याबद्दलचे वाक्य तसेच ठेवले आहे.

४. सुमन परब यांनी कु. सायली हिला १९ जानेवारी २०२० रोजी लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत, दोन पाने. दुसऱ्या पानावरील परिच्छेद झाकलेला नाही.

५. याच व्यक्तीस फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये लिहिलेल्या तीन पत्रांच्या प्रती. तिसऱ्या पत्रातील घरगुती मजकूरही तसाच.

६. कु. सायली हिचे मोबाइलवरील उत्तर, तीन ओळी, हाताने उतरवून. 'पानाची गोष्ट माझीपण आहे' ही ओळ माझ्या आग्रहाने घातली. ती खरी आहे.

देणार: सुमन परब.

वाचून दाखवल्यावर मान्य: धाकू गावस. त्याने सही मराठीत केली आणि सहीपुढे कोणी न सांगता लिहिलं, 'आख्यान माझे'.